समुद्रातले ब्लॉक कोण अडवून बसलंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात समुद्रातल्या तेल-गॅस ब्लॉकांबद्दल, म्हणजे तेल-गॅस शोधायला कंपन्यांना आखून दिलेल्या समुद्राच्या तुकड्यांबद्दल, जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. वर्षानुवर्षं काहीच न झालेली क्षेत्रं सरकार परत का घेत नाही, एवढाच मुद्दा होता. त्यावर इतके मेल आणि मेसेज आले की यावेळचा अख्खा कॉलम ह्याच विषयाला दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं न देता फक्त गावं दिलीत.

प्रश्न (उरण): एमआयडीसीत प्लॉट घेतला आणि मुदतीत बांधकाम नाही केलं तर प्लॉट परत जातो. समुद्रातल्या ब्लॉकला असा नियम नाही का, की एकदा मिळाला की कायमचा?

नियम आहे, आणि कागदावर तरी चांगला कडक आहे. समुद्रात तेल शोधायचं तर आधी शोधाचा परवाना लागायचा, तेल सापडलं आणि ते काढणं परवडतंय असं ठरलं की मग ते काढायची लीज मिळायची, आणि नेल्प (ब्लॉक लिलावाने द्यायचं तेव्हाचं नवं धोरण) ह्या पॉलिसीखाली १९९९ पासून जे नऊ राउंड झाले, ज्यात २५४ ब्लॉक दिले गेले, त्या प्रत्येकासाठी सरकारशी वेगळा करार पण झालेला आहे. त्या करारात शोधाचा काळ टप्प्याटप्प्यांचा असतो. कुठल्या टप्प्यात किती सर्व्हे करणार आणि किती विहिरी मारणार हे कंपनीने आधी कबूल करायचं, त्याची बँक गॅरंटी ठेवायची, काम नाही केलं तर त्याचे पैसे भरायचे, आणि पहिला टप्पा संपला की क्षेत्राचा पाव हिस्सा सोडायचा, दुसरा संपला की अजून पाव. शेवटी हातात फक्त तेवढंच राहायला पाहिजे जिथे खरंच काहीतरी सापडलंय.

अडचण येते ती मुदतवाढीत. संरक्षण खात्याची परवानगी आली नाही, रिग (विहीर खोदायची यंत्रणा) मिळाली नाही, पर्यावरणाची मंजुरी अडकली, की कंपनी मुदत वाढवून मागते आणि बऱ्याचदा तिचं म्हणणं खरं पण असतं. पण मग एक वर्ष, दोन वर्षं असं करत करत ब्लॉक दहा-पंधरा वर्षं तसाच राहतो, आणि आता नेमकं कोणामुळे थांबलंय हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्गच नसतो. माझं म्हणणं ह्या सगळ्या उत्तरांमध्ये एकच आहे, ते इथेच सांगून टाकतो. ब्लॉक पडून राहायला कंपनी जितकी जबाबदार असते तितकंच, किंवा थोडं जास्तच, वेळेत निर्णय न घेणारं सरकार जबाबदार असतं. म्हणून मुदत दोघांनाही असायला पाहिजे.

प्रश्न (ठाणे): आपल्या जवळचं एखादं ठोस उदाहरण द्या ना. नुसतं धोरण धोरण वाचून काही कळत नाही.

रत्ना. मुंबईच्या नैऋत्येला साधारण १३० किमीवर रत्ना आणि आर-सिरीज म्हणून तेलक्षेत्रं आहेत, ओएनजीसीने शोधलेली, उथळ पाण्यातली. त्यातल्या आर-१२ म्हणजे रत्नामधून १९८३ ते १९९४ अशी अकरा वर्षं तेल निघत होतं. म्हणजे इथे तेल आहे का हा प्रश्नच नव्हता, ते निघून झालेलं होतं. नंतर सरकारने ठरवलं की छोटी-मध्यम क्षेत्रं खाजगी कंपन्यांना भागीदारीत द्यायची, त्यासाठी बोली मागवली, १९९४ मध्ये रत्नाचं उत्पादन बंद झालं आणि १९९६ मध्ये क्षेत्र दिल्याचं पत्र निघालं, एस्सार ऑइल ५० टक्के, ब्रिटनची प्रीमियर ऑइल १० टक्के आणि ओएनजीसी ४० टक्के.

आणि करारावर सह्याच झाल्या नाहीत. वीस वर्षं.

वाद होता सेस (केंद्राचा तेलावरचा कर) आणि रॉयल्टी (काढलेल्या तेलामागे सरकारला द्यायचे पैसे) ह्यांच्या दराचा, म्हणजे बोली लावली तेव्हाचे दर धरायचे की नंतर वाढलेले. कंपनीचं म्हणणं की आम्ही ज्या अटींवर बोली लावली त्याच अटींवर करार करा. सरकारी बाजूचं म्हणणं की मधे दर बदललेत, क्रूडचा भाव कुठल्या कुठे गेलाय, आता जुने दर दिले तर उद्या ऑडिटमध्ये आम्हाला जाब विचारला जाईल. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी मुद्दा होता हे मी मान्य करतो, पण मग फैसला करा ना, एक तर ह्या दराने करार करा नाहीतर पत्र रद्द करा. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. ह्या काळात किती पंतप्रधान आणि किती पेट्रोलियम मंत्री झाले ते मोजा, फाइल कॅबिनेट, कायदा खातं, अर्थ खातं अशी फिरत राहिली, आणि समुद्रात उभे असलेले प्लॅटफॉर्म खाऱ्या वाऱ्यात गंजत राहिले. शेवटी १० मार्च २०१६ ला कॅबिनेटने ते पत्र रद्द केलं आणि क्षेत्र परत ओएनजीसीकडे दिलं.

ह्यात मला सगळ्यात जास्त टोचतं ते असं की ही वीस वर्षं म्हणजे नेमका तो काळ ज्यात क्रूड वीस डॉलरच्या खालून शंभरच्या वर गेलं होतं. पाइपलाइन जवळ, मुंबईचं बंदर जवळ, काम येणारी माणसं उरणला आणि पनवेलला, आणि तरी तेल खालीच राहिलं आणि आपण ते बाहेरून विकत आणत राहिलो. क्षेत्र २०१६ मध्ये परत मिळालं म्हणून २०१६ मध्ये तेल सुरू होत नाही, जुन्या विहिरी तपासायच्या, नवीन प्लॅटफॉर्म आणि लाइनची निविदा काढायची, पावसाळ्यात समुद्रातलं काम बंद, म्हणजे अजून काही वर्षं. कोणी ब्लॉक वापरला नाही म्हणून कंपनीला शिव्या देणाऱ्यांनी हे एक प्रकरण आधी नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न (पुणे): मी ह्या क्षेत्रात नोकरी केली आहे. खोल समुद्रात सर्व्हेपासून उत्पादनापर्यंत दहा वर्षं सहज जातात. "वापरलं नाही" म्हणून ओरडणाऱ्यांना हे कळत नाही. तुम्ही कंपन्यांची बाजू मांडणार का?

मांडतो, कारण ती खरी आहे. आधी सिस्मिक सर्व्हे (आवाजाच्या लाटा सोडून समुद्राखालचे थर तपासणं), त्याचा डेटा वाचायला महिनोन्महिने, मग रिगची वाट, एक खोल पाण्यातली विहीर म्हणजे शेकडो कोटी आणि ती कोरडी निघायची शक्यता जास्त. सापडलंच तर ते किती आहे हे ठरवायला अजून विहिरी, मग विकासाचा आराखडा, त्याला मॅनेजमेंट कमिटीची (सरकार आणि कंपनीच्या एकत्र समितीची) मंजुरी, मग कुठे बांधकाम. बाहेरून बघणाऱ्याला समुद्रावर काहीच दिसत नाही पण आत काम चाललेलं असतं. आणि भाव पडला की गणितच कोलमडतं, २०१४ च्या मध्यापर्यंत शंभर डॉलरच्या वर असलेलं क्रूड जानेवारी २०१६ मध्ये तीसच्या खाली गेलं होतं, अशा वेळी कुठलीही कंपनी हात आखडता घेणारच.

पूर्व किनाऱ्यावरचा, कृष्णा-गोदावरी (केजी) खोऱ्यासमोरचा केजी-डीडब्ल्यूएन-९८/२ हा ब्लॉक बघा. पहिल्याच नेल्प राउंडमध्ये केर्न ह्या खाजगी कंपनीला मिळालेला, २००५ मध्ये ओएनजीसीने त्यातला मोठा हिस्सा घेतला, आणि पहिलं तेल निघालं ७ जानेवारी २०२४ ला. दोन दशकांपेक्षा जास्त. पण ह्या ब्लॉकवर मधल्या काळात एकामागून एक शोध लागत होते, विहिरी होत होत्या, त्यामुळे ह्याला मी पडून राहिलेला ब्लॉक म्हणणार नाही. उशीर झाला, खूप झाला, पण काम होतं.

आता त्याच किनाऱ्यावरचं दुसरं उदाहरण, रिलायन्सचा केजी-डी६. मूळ क्षेत्र ७,६४५ चौरस किमी. करारानुसार टप्प्या-टप्प्याने पाव-पाव हिस्सा सोडायला हवा होता, पण सगळंच्या सगळं क्षेत्र "शोध लागलेलं क्षेत्र" म्हणून धरून कंपनीकडे ठेवू दिलं गेलं. कॅगने २०११ च्या अहवालात ह्यावर स्पष्ट ठपका ठेवला, कंपनीवर पण आणि ते मान्य करणाऱ्या सरकारी यंत्रणेवर पण. कंपनीने आपली बाजू मांडली की सगळं करारातच बसत होतं. शेवटी २०१३ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने पाच हजार चौरस किमीपेक्षा जास्त क्षेत्र परत करायला सांगितलं. हेच २००४-०५ मध्ये झालं असतं तर तो भाग आठ-नऊ वर्षं आधी दुसऱ्या कोणाला शोधायला मिळाला असता. माझं मत असं की वेळ लागतो हे कारण जिथे काम चालू आहे तिथे शंभर टक्के मान्य करावं, पण जिथे विहीर नाही, सर्व्हे नाही, नुसता नकाशावरचा चौकोन आहे, तिथे ते कारण चालवून घेऊ नये. दोन्हीत फरक करता येतो, त्याला फार मोठं शास्त्र लागत नाही.

प्रश्न (नाशिक): एमपीएससीचा अभ्यास करतोय. डीएसएफ, हेल्प, ओएएलपी ह्यात गोंधळ होतो. पडून असलेल्या क्षेत्रांचा ह्यात नेमका कुठे संबंध येतो?

डीएसएफचा (डिस्कव्हर्ड स्मॉल फील्ड्स, म्हणजे शोध लागलेली छोटी क्षेत्रं) थेट संबंध आहे. ओएनजीसी आणि ऑइल इंडियाकडे बरीच छोटी क्षेत्रं होती, जिथे तेल किंवा गॅस सापडलेला होता पण एवढासा, किंवा पाइपलाइनपासून इतका लांब, की मोठ्या कंपनीला ते काढणं परवडत नव्हतं. मोठ्या कंपनीचा खर्चच मोठा असतो, तिची माणसं आणि रिग मुंबई हायसारख्या ठिकाणी लागलेल्या असतात. २०१५ मध्ये सरकारने अशी ६९ क्षेत्रं त्यांच्याकडून काढून लिलावात टाकायचं ठरवलं, त्यातली ६३ ओएनजीसीची आणि ६ ऑइल इंडियाची. २०१६ मध्ये पहिला राउंड आला. अटी मुद्दाम सोप्या ठेवल्या, आधीचा अनुभव लागणार नाही, सेस नाही, माल कोणाला आणि कुठल्या भावाने विकायचा त्याचं स्वातंत्र्य, आणि येणाऱ्या पैशात सरकारला वाटा किती देणार ह्यावर बोली.

ह्याचं फळ मुंबईसमोरच दिसतं. बी-८० हे छोटं क्षेत्र त्या पहिल्या राउंडमध्ये हिंदुस्तान ऑइल एक्सप्लोरेशन ह्या मध्यम कंपनीच्या हातात आलं, २०१७ ला करार झाला आणि २०२२ मध्ये तिथून उत्पादन सुरू झालं. रत्नाची वीस वर्षं आणि ही पाच वर्षं शेजारी ठेवून बघा. अर्थात सगळीकडे असं झालं नाही, अनुभव नसलेल्या काहींनी क्षेत्रं घेतली आणि पुढे पैसा उभा करता आला नाही, म्हणजे दार सताड उघडं ठेवण्याचा तोटा पण आहेच.

हेल्प हे २०१६ चं मोठं धोरण, नेल्पच्या जागी आलेलं. नफ्यात वाटा ऐवजी उत्पन्नात वाटा, म्हणजे खर्च खरा किती ह्यावरून सरकार-कंपनी भांडण नको. ओएएलपी हा त्यातलाच भाग आहे, सरकार ब्लॉक ठरवून देणार नाही, कंपनीने स्वतः नकाशा बघून मला हा तुकडा पाहिजे असं सांगायचं आणि मग त्यावर बोली लागते. पहिल्या राउंडला ५५ ब्लॉक दिले, त्यातले ४१ एकट्या वेदांताला. २०१९ मध्ये अजून बदल झाले, शोधाचा काळ कमी केला, आणि जिथे अजून उत्पादन नाही अशा बेसिनमध्ये (तेल-गॅस असू शकेल अशा भूगर्भातल्या मोठ्या पट्ट्यांमध्ये) वाट्यापेक्षा कामाची हमी किती देता ह्यावर भर दिला. परीक्षेला हे पुरेल, पण पाठ करण्याआधी रत्नाचं उत्तर वाचा, का बदल केले ते कळेल.

प्रश्न (सातपाटी): आम्ही मच्छीमार. आमच्या दृष्टीने ब्लॉक पडून राहिला तर बरंच आहे. काम सुरू झालं की सर्व्हेची जहाजं येतात, बोटी हटवायला लावतात, जाळी तुटतात. तुम्ही हे लिहिणार का?

लिहितो, आणि तुमचा राग मला पूर्ण पटतो. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, सिस्मिक सर्व्हेचं जहाज मागे कित्येक किलोमीटर लांब केबल ओढत सरळ रेषेत जातं, हवेच्या दाबाने पाण्यात धमाके करतं आणि परत आलेला आवाज नोंदवतं, त्या रेषेत दुसरं काही चालत नाही. डोल जाळी ज्यांची एका जागी बांधलेली असतात त्यांना ती उचलून बाजूला व्हा म्हणणं म्हणजे तो हंगाम सोडा म्हणणं. पालघरच्या मच्छीमारांनी ह्यावर आंदोलनं केलीत आणि नुकसानभरपाई मागितलीय, ती मागणी रास्त आहे. सर्व्हे मासेमारी बंदीच्या काळात बसवता येत नसेल तर भरपाईचा हिशोब सर्व्हे सुरू व्हायच्या आधी ठरायला पाहिजे, नंतर कचेऱ्यांचे खेटे घालून नाही.

पण दोन गोष्टी सांगतो. नुसता ब्लॉक दिला म्हणून तिथे मासेमारी बंद होत नाही, बंदी असते ती उभ्या प्लॅटफॉर्मच्या भोवती ५०० मीटरची. म्हणजे ज्या ब्लॉकमध्ये काहीच बांधलं नाही तिथे तुमचं काही अडत नाही, हे तुमचं बरोबर. मात्र जिथे आधी बांधकाम झालं आणि मग काम थांबलं तिथली गोष्ट वेगळी असते. प्लॅटफॉर्म उभा असतो, खाली पाइप पडलेला असतो, ५०० मीटरची बंदी असते, आणि उत्पादन शून्य. म्हणजे तुमची जागा गेली आणि देशाला तेल पण नाही. म्हणून मला वाटतं की बंद पडलेलं सामान वेळेत काढून न्यायची सक्ती ही तुमची पण मागणी असायला हवी. ताप्ती क्षेत्रातला गॅस संपल्यावर तिथले प्लॅटफॉर्म काढायचं काम झालं, आपल्या देशातलं अशा प्रकारचं ते पहिलं मोठं काम, त्यामुळे होतं की नाही हा प्रश्न उरलेला नाही.

दुसरं असं, की ब्लॉक एका कंपनीकडून दुसरीकडे गेला की नवीन कंपनी पूर्वी परत पहिल्यापासून सर्व्हे करायची, कारण जुना डेटा तिला मिळायचाच नाही. २०१७ मध्ये सरकारने नॅशनल डेटा रिपॉझिटरी सुरू केली, जिथे जुन्या सर्व्हेंचा डेटा एकत्र ठेवलाय. तो नीट वापरला गेला तर तुमच्या पाण्यात तेच जहाज पुन्हा पुन्हा यायची गरज कमी होईल. तुमच्या सोसायटीने भरपाईच्या बैठकीत हा प्रश्न जरूर विचारावा, "ह्या पट्ट्याचा जुना डेटा आहे का, असेल तर नवीन सर्व्हे कशाला?"

प्रश्न (अलिबाग): मुंबई हायमधून एवढं तेल निघतं, महाराष्ट्राला रॉयल्टी किती मिळते?

समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी राज्याला मिळत नाही. घटनेच्या कलम २९७ नुसार समुद्राखालची संपत्ती केंद्राची, त्यामुळे रॉयल्टी पण केंद्राला. गुजरात आणि आसामला मिळते ती जमिनीवरच्या विहिरींची. आपल्याला उरणच्या प्रकल्पामुळे रोजगार मिळाला, कर मिळाले, पण वाटा नाही. राज्याने तो मागावा का हा वेगळा आणि मोठा विषय आहे, पण एक परिणाम असा होतो की इथला ब्लॉक पडून राहिला तरी महाराष्ट्राच्या तिजोरीला त्याची झळ बसत नाही, म्हणून विधानसभेत त्यावर कोणी बोलत पण नाही.

प्रश्न (वेंगुर्ला): कोकणासमोर तेल आहे अशी चर्चा लहानपणापासून ऐकतोय. आमच्याकडचे ब्लॉक पण कोणी अडवून ठेवलेत का?

नाही, इथे अडवून ठेवण्यासारखं अजून काही सापडलेलं नाही. केरळ-कोकण बेसिन सरकारच्या वर्गवारीत तिसऱ्या गटात आहे, म्हणजे असण्याचा अंदाज, पण व्यापारी उत्पादन होईल असा शोध नाही. पूर्वी विहिरी मारून झाल्यात. अशा ठिकाणी जबरदस्तीने मुदत लावून कंपनीला पळवून लावण्यात अर्थ नसतो, तिथे जी कोणी पैसे घालून विहीर मारायला तयार होईल तिला थोडा वेळ द्यावा लागतो.

प्रश्न (डोंबिवली): मग सरकारने नक्की करायचं काय? दुसऱ्या देशात काय करतात?

ब्रिटनने उत्तर समुद्रात २००२ च्या सुमारास जे केलं ते मला आवडतं. ज्या ब्लॉकवर काही वर्षं ना विहीर, ना सर्व्हे, ना दुसरं काही काम, असे सगळे शोधून काढले आणि त्यांचे दोन भाग केले. एकात अशा कंपन्या ज्या त्यांना शक्य ते सगळं करतायत पण अडकल्यात, दुसऱ्यात ज्या काहीच करत नाहीयेत. दुसऱ्या भागातल्यांना सांगितलं की ठरलेल्या मुदतीत कामाचा प्लॅन द्या नाहीतर सोडा, आणि यादी उघड केली म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना कळलं की हा तुकडा मोकळा होऊ शकतो. बरेच ब्लॉक असे छोट्या कंपन्यांच्या हातात गेले.

आपल्याकडे २०२५ च्या दुरुस्तीने तेलक्षेत्रांचा १९४८ चा जुना कायदा बदललाय, नियम मोडल्यास २५ लाखांपर्यंत दंड आणि पुढे रोज १० लाखांपर्यंत अशी तरतूद आली, तुरुंगवासाची शिक्षा गेली. समुद्रातल्या एका विहिरीचा खर्च बघता २५ लाख म्हणजे काहीच नाही, पण रोजचे १० लाख लागू केले तर जाणवतील. संरक्षण आणि अवकाश खात्यामुळे बंद असलेला समुद्राचा जवळजवळ सगळा भाग २०२२ मध्ये मोकळा झाला, त्यामुळे परवानगी आली नाही हे कारण पण आता पूर्वीइतकं चालणार नाही.

मला अजून दोन गोष्टी पाहिजेत. एक म्हणजे डीजीएचने, म्हणजे हायड्रोकार्बन महासंचालनालयाने, प्रत्येक ब्लॉकसमोर साध्या भाषेत लिहावं की शेवटची विहीर कधी, शेवटचा सर्व्हे कधी, मुदतवाढ किती वेळा आणि कोणत्या कारणाने, आणि आत्ता फाइल कोणाच्या टेबलावर आहे. नकाशे आणि वार्षिक अहवाल ते देतातच, त्यात हे चार रकाने वाढवायला फार कष्ट नाहीत. दुसरं म्हणजे कंपनीने आराखडा दिल्यावर सरकारने इतक्या महिन्यांत हो किंवा नाही सांगायचंच, न सांगितल्यास जितका उशीर सरकारचा तितकी मुदत आपोआप वाढेल आणि ते पण त्याच यादीत दिसेल. रत्नाच्या बाबतीत १९९७ सालीच असं काही लिहिलेलं असतं तर तो विषय त्या दशकातच एकीकडे लागला असता.

पुढच्या महिन्यात गॅसच्या भावावरचे प्रश्न घेतोय, ते बरेच आलेत. पाठवताना गावाचं नाव तेवढं लिहा.